शौलाचा भाला

वाचनासाठी शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय १९ व २६



ह्या शास्त्रभागावर मी पूर्वी दोन वेळा संदेश दिला आहे. दोन्ही वेळा विषय एकच होता : दाविदाने आपल्या वैऱ्याला क्षमा केली, तशी आपणही करावी. संदेश चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. उरलेला अर्धा मला माझ्या थोरल्या बहिणीकडून शिकावा लागला, आणि तो शिकेपर्यंत माझ्या हातून तिचे बरेच नुकसान होऊन गेले होते. हे छापावे की नाही, हे मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस." म्हणून तिचे नाव, तिच्या सासरचे गाव किंवा कोर्टाचे ठिकाण येथे देत नाही. माझी चूक मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात एका रात्री ताई तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आमच्या लहरीपुऱ्यातल्या घरी आली. हातात एक पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी तिला पाणी दिले आणि माझ्याकडे पाहिले. मला नुकतीच धर्मशास्त्राची पदविका मिळाली होती. घरातला शास्त्र जाणणारा मीच. ताईने दंडावरचे वळ दाखवले, आणि मी बायबल उघडले. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला, मत्तयाचा एकोणिसावा वाचला, नंतर प्रार्थना केली. चार दिवसांनी भाऊजी आले. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून रडले. पुन्हा असे होणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. मी स्वतः ताईला गाडीत बसवून दिले, आणि त्या रविवारी उपासनेत एक घर सावरल्याबद्दल उपकारस्तुती केली.

ती पुन्हा आली ती २०१६ च्या पावसाळ्यात. ह्या वेळी तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हते. अजूनही येत नाही.

आता शास्त्रभागाकडे वळू.

शौलाच्या घरात दावीद कोण होता ? नोकर होता, जावई होता, आणि वीणा वाजवून शौलाचे मन शांत करणाराही तोच होता. ज्याच्या वाजवण्याने शौलाला बरे वाटे, त्याच्यावरच शौलाने भाला फेकला. पुष्कळ घरांतली हकीकत अशीच असते. मार खाणारी व्यक्ती भांडखोर असते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात बहुधा तीच घरातला राग निववण्यासाठी दिवसभर धडपडत असते. जेवण वेळेवर, मुले गप्प, आवाज खाली. आणि भाला तिच्याच अंगावर येतो.

अठराव्या अध्यायात भाला आला तेव्हा दावीद दोन वेळा निसटला. एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभी योनाथान मध्ये पडतो. बापाला समजावतो, शौल परमेश्वराच्या नावाने शपथ घेतो, आणि योनाथान दाविदाला हाताला धरून पुन्हा शौलापुढे आणतो. सर्व काही पूर्वीसारखे झाले, असे तेथे लिहिले आहे. हे सातवे वचन. दोनच वचने सोडून पुढे पाहा, भाला पुन्हा भिंतीत रुतलेला आहे !

योनाथान दुष्ट नव्हता. दाविदावर त्याची जिवापाड प्रीती होती. पण आपल्या बापाच्या शपथेवर त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाची किंमत दाविदाने द्यायची होती. विसाव्या अध्यायातही तो दाविदाला सांगतो की, तुला वाटते तसे काही नाही, असते तर मला कळले असते. त्याला खरे केव्हा पटले ? भोजनाच्या मेजावर तोच भाला त्याच्या स्वतःच्या अंगावर आला तेव्हा. बंधुभगिनींनो, त्या वर्षी लहरीपुऱ्यात मी योनाथान होतो. आपल्या प्रत्येक मंडळीत दोनचार योनाथान असतात. पाळक, वडीलमंडळी, मामा, भाऊ. ते मनाचे चांगले असतात, समेट घडवतात आणि चहा पिऊन घरी जातात. त्यांच्या अंगावर भाला आलेला नसतो.

दुसऱ्यांदा भाला आल्यावर दाविदाने काय केले ? तो त्याच रात्री पळाला. त्याच्या बायकोने, मीखलने, त्याला खिडकीतून खाली उतरवले. ह्या पळून जाण्याबद्दल शास्त्रात कोठेही त्याला दोष दिलेला नाही. हाच दावीद गल्याथापुढे उभा राहिलेला, म्हणजे भित्रा म्हणावा तर तेही जमत नाही. पळाल्यावर तो प्रथम शमुवेलाकडे गेला आणि शौलाने जे जे केले ते सर्व त्याने त्याला सांगितले. शमुवेलाने त्याला, तू राजाशी कसा वागलास, हा प्रश्न विचारल्याचे लिहिलेले नाही. तो त्याला घेऊन नायोथास गेला आणि दोघे तेथे राहिले. देवाच्या सेवकाकडे कोणी अशा अवस्थेत आला तर पहिले काम काय, हे मला माझ्या अभ्यासक्रमातल्या कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. येथे एका वचनात ते आहे. ऐकून घ्यायचे, आणि राहायला जागा द्यायची.

ताईला २०१६ मध्ये जागा आम्ही दिली, हे खरे. पण ऐकून घेतले ते शेजारच्या एका गुजराती बेनने. पहिले कित्येक दिवस ती संध्याकाळी ओट्यावर येऊन बसे, भाजी निवडत असे, काही विचारत नसे. ताई आपणहून तिच्याशी बोलू लागली. आमच्या मंडळीतल्या बहिणींनी मात्र पहिल्याच रविवारी विचारले, "किती दिवस आहेस ?" ताई लग्नाआधी बारा वर्षे शब्बाथशाळेत शिकवत होती. तिने पुन्हा वर्ग मागितला, तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे असे ठरले. ठरवणाऱ्यांत मीही होतो आणि मी काही बोललो नाही.

आता ह्या "निकाल लागेपर्यंत" विषयी दोन शब्द सांगावे लागतील.

आमच्या लहरीपुरा दरवाज्याबाहेर, सुरसागराच्या अंगाला, न्यायमंदिराची इमारत उभी आहे. १८९६ साली ती उघडली. बडोद्याच्या कितीतरी पिढ्या तिच्या पायऱ्या चढल्या आणि उतरल्या. कोर्ट आता तेथून दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेले आहे, तरी जुनी माणसे तेथून जाताना अजून आवाज खाली करतात. आम्हा बडोदेकरांना आणखीही एक अभिमान आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९३१ मध्येच आपल्या राज्यातील हिंदू प्रजेसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशभरच्या हिंदू स्त्रियांना तो हक्क मिळायला १९५५ साल उजाडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर १९१९ मध्येच स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा सांगणारा कायदा केला होता.

आणि आपण ? ख्रिस्ती लोकांना १८६९ पासून घटस्फोटाचा कायदा आहे, असे आपण पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असू. त्यात काय लिहिले होते ते फार थोड्यांनी वाचले होते. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणे पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरेसा नव्हता, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती क्रूरता, मग ती कितीही असो, घटस्फोटाला पुरत नसे. हाड मोडले तरी कायदेशीर विभक्त राहण्याची परवानगी, एवढेच. शिवाय जिल्हा न्यायालयाने निकाल दिला तरी उच्च न्यायालयाने तो कायम करीपर्यंत तो अपुराच राही. त्यात आणखी वर्षे जात. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेदभाव घटनेला धरून नाही असे सांगितले, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तेव्हापासून क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले आणि परस्पर संमतीचाही मार्ग निघाला. एकशेबत्तीस वर्षे लागली. ह्या काळात आपल्या व्यासपीठांवरून ह्या अन्यायाविरुद्ध किती संदेश झाले असतील, ह्याचा विचार मी करतो तेव्हा मला माझे स्वतःचे संदेश आठवतात.

ताईचा अर्ज नव्या कायद्याखालचा, २०१७ मध्ये दाखल झालेला. वकिलांनी दीड वर्ष म्हटले होते. ताईकडे एक शाळकरी वही आहे, तीत प्रत्येक तारीख तिने लिहून ठेवली आहे. मध्ये कोरोनाचे साल आले आणि महिनेच्या महिने तारखाच पडल्या नाहीत. ते सोडून मी एकदा मोजल्या तेव्हा एकाहत्तर भरल्या. त्यांतल्या चाळीसहून अधिक दिवशी काहीच झाले नव्हते. समोरचे वकील आजारी, समोरची व्यक्ती गैरहजर, कागद पोहोचला नाही, वेळ संपली. पहाटेची गाडी धरायची, दुपारपर्यंत बाकावर बसायचे, पुढची तारीख घ्यायची, रात्री परत यायचे. दुसऱ्या दिवशी कामावर.

दाविदाचेही असेच झाले. शौलाच्या घरातून निसटणे एका रात्रीचे काम होते. त्यानंतरचे रान संपता संपेना. अदुल्लामाची गुहा, जीफाचे अरण्य, एन-गेदीचे खडक. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी शौलाला जाऊन सांगे की तो आमच्याकडे आहे. आपण दाविदाच्या गोष्टीत गल्याथ रंगवून सांगतो, ही रानातली वर्षे मात्र एका वाक्यात उरकतो. ज्यांना मार पडत होता त्यांना घराबाहेर पडल्यावर वाटते, सुटलो. आणि मग कळते की आता वेगळा छळ सुरू झाला आहे. हात उगारता येत नाही म्हणून तारखा वाढवायच्या. पोटगी थकवायची. मुलीच्या शाळेत जाऊन उभे राहायचे. प्रतिज्ञापत्रात वाटेल ते लिहायचे. ताईविषयी जे लिहिले गेले ते मी वाचले आहे. ते वाचून दोन दिवस ती जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने पंचावन्नावे स्तोत्र काढले. परका वैरी असता तर सोसले असते, पण हा माझ्या बरोबरीचा, माझ्यासोबत मंदिरात चालणारा, असे दावीद तेथे कळवळून सांगतो. ताई म्हणाली, "अरे, हे बायबलात आहे तर मग मी बोलले तेव्हा तुम्हाला लाज का वाटली ?"

मला उत्तर देता आले नाही.

मुंबईच्या रखमाबाईंची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. लहानपणी लावलेले लग्न त्यांनी मान्य केले नाही, नवऱ्याने १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने, मग अपील, आणि १८८७ मध्ये हुकूम की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा. कैद पत्करीन, असे त्या म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्यांच्या खटल्यात मारहाणीचा प्रश्न नव्हता, आणि त्या ख्रिस्तीही नव्हत्या. पण पंडिता रमाबाईंना तो खटला आपलाच वाटला. १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी त्याची हकीकत दिली. रखमाबाई पुढे इंग्लंडात डॉक्टर झाल्या आणि आमच्या बडोद्याहून फार दूर नाही अशा सुरतेत त्यांनी कित्येक वर्षे बायकांचे इस्पितळ चालवले. वर्तमानपत्रांनी चार वर्षे ज्यांची अब्रू चघळली, त्यांच्याकडे नंतर हजारो बाळंतिणी विश्वासाने गेल्या. ताईला हे मी सांगितले तेव्हा ती हसली. "त्यांना दोन हजारांत सुटका मिळाली," म्हणाली, "माझ्या वकिलांची फी त्याहून जास्त झाली."

आता सव्विसाव्या अध्यायाकडे येऊ. खरा संदेश येथे आहे.

रात्रीची वेळ. शौल छावणीत झोपलेला, भाला उशापाशी जमिनीत रोवलेला. हा तोच भाला, हे विसरू नका. अबीशय दाविदाच्या कानात सांगतो की, एकच घाव पुरे. दावीद नको म्हणतो. भाला आणि पाण्याचा चंबू घेऊन तो दूर डोंगराच्या माथ्यावर जाऊन उभा राहतो. मध्ये पुष्कळ अंतर होते, असे शास्त्र मुद्दाम सांगते. तेथून तो हाक मारतो. शौल जागा होतो आणि एकविसाव्या वचनात त्याचे मन विरघळते. मी पाप केले, मी मूर्खपणा केला, माझ्या मुला, परत ये, मी तुझे वाईट करणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो.

येथे आपली मंडळी असती तर काय झाले असते ? टाळ्या पडल्या असत्या. राजाने चूक कबूल केली, आणखी काय हवे ? पाळकांनी दोघांचे हात हातात दिले असते.

दाविदाचे उत्तर पाहा. तो म्हणतो, हा राजाचा भाला, तुमच्यातल्या एका तरुणाने इकडे येऊन तो घेऊन जावा. स्वतः नेऊन देत नाही. भाला परत करतो, पण स्वतः भाल्याच्या टप्प्यात जात नाही. आणि पंचविसाव्या वचनाच्या शेवटी काय आहे ? शौल आशीर्वाद देतो, दावीद आपल्या वाटेने जातो, शौल आपल्या ठिकाणी परततो. दोन वाटा.

दाविदाने क्षमा केली होती का ? पूर्ण केली होती. हातात शस्त्र असून त्याने ते चालवले नाही, आणि शौल मेला तेव्हा त्याने त्याच्यासाठी शोक केला. पण क्षमा केली म्हणून तो त्या घरात पुन्हा राहायला गेला नाही. मी ह्या दोन गोष्टी नेहमी एकच समजत होतो. ताईला २०१३ मध्ये गाडीत बसवताना मला वाटले की मी तिच्याकडून क्षमा करवून घेत आहे. प्रत्यक्षात मी तिला भाल्यापुढे नेऊन उभे करत होतो.

काही वाचक म्हणतील, दावीद आणि शौल हे काही पतिपत्नी नव्हते, विवाहाचे बंधन वेगळे. खरे आहे. विवाह पवित्र आहे, आणि भांडणे तर प्रत्येक घरात होतात. भांड्याला भांडे लागले म्हणून कोर्टात जा असे कोणी सांगत नाही. पण मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातले सोळावे वचन आपण ऐकवतो तेव्हा ते निम्म्यावर का थांबवतो ? देवाला बायको सोडणे आवडत नाही, हे आपण वाचतो. त्याच वचनात, आपले वस्त्र जुलमाने झाकणाऱ्याविषयीही देवाचा संताप आहे, तो वाचत नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात तर विकत घेतलेल्या दासीचेही अन्न, वस्त्र आणि पत्नीचा हक्क नवऱ्याने तोडला तर तिने मोकळे जावे, असा नियम आहे. दासीला जे मिळाले ते ख्रिस्ती मंडळीतल्या मुलीला मिळू नये काय ? पौलही करिंथकरांस लिहिताना, अविश्वासी जोडीदार वेगळा झाला तर विश्वासी व्यक्ती बांधलेली नाही आणि देवाने आपल्याला शांतीसाठी बोलावले आहे, असे सांगतो. जो रविवारी भाकर मोडतो आणि सोमवारी बायकोचा कान फोडतो, त्याला विश्वासी कोणत्या अर्थाने म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मी मात्र एवढे म्हणेन की करार त्या हाताने मोडला. कोर्टाचा कागद त्याची नोंद करतो.

हागारेला देवदूताने परत जायला सांगितले होते, हेही मला एका ज्येष्ठ बंधूंनी ऐकवले. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात तसे आहे, मी नाकारत नाही. पण एकविसाव्या अध्यायात ती दुसऱ्यांदा रानात आली तेव्हा देवाने तिला परत पाठवले नाही. तिचे डोळे उघडले आणि पाण्याची विहीर दाखवली.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी थोडे. माझी भाची आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. वर्गात प्रार्थनेच्या वेळी ती डोळे मिटत नसे. बाई रागावल्या, दोनदा उभे केले, घरी निरोप आला की मुलगी हट्टी आहे. ताईने तिला जवळ घेऊन विचारले. ती म्हणाली, डोळे मिटले तर हात कुठे आहे ते दिसत नाही. तिच्या त्या घरात बाबांचा हात कुठे आहे हे सतत पाहत राहावे लागे. मी बाईंना सांगितले. पुढच्या रविवारपासून बाईच डोळे उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, आणि भाचीकडे पाहून हसत. वर्ष गेले, मग एके दिवशी तिने आपणहून डोळे मिटले. तुमच्या वर्गात असे मूल असेल तर, बापाचा मान राख, ही आज्ञा शिकवताना जरा जपून. आज्ञा बदलू नका. पण मान राखणे म्हणजे मार लपवणे नव्हे, हेही त्याच धड्यात सांगा. दाविदानेसुद्धा शौलाला शेवटपर्यंत परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आणि त्याच्यापासून लांब राहिला.

ज्या बहिणी आज ह्या वाटेवर आहेत (आणि क्वचित भाऊही असतात) त्यांना ताईने काही निरोप दिले आहेत, ते तिच्याच क्रमाने देतो. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्या, नंतर घरी रडा. सर्व कागदांच्या दोन प्रती, एक घराबाहेर. स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. हे तिला तीन वर्षांनी कळले, तोवर बांगड्या गेल्या होत्या. २००६ च्या ऑक्टोबरापासून घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू आहे, तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घटस्फोट न मागताही त्याखाली संरक्षण, राहण्याची जागा आणि खर्च मागता येतो. गुजरातेत १८१ ह्या क्रमांकावर अभयम् ची मदत मिळते. आणि तारखेला एकट्या जाऊ नका.

शेवटच्या निरोपापाशी मी अडलो. लूकाच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात होती. तिच्या चिकाटीवर आपण बोलतो. ती एकटी जात होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या नगरात तिचे कोणीच नव्हते काय ? शेजारी नव्हते, सभास्थान नव्हते ? दाविदाजवळ अदुल्लामाच्या गुहेत चारशे माणसे गोळा झाली, तीही कर्जबाजारी आणि गांजलेली. त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना मवाबाच्या राजाने, म्हणजे परक्याने, आसरा दिला. ताईच्या पहिल्या एकोणीस तारखांना आमच्या मंडळीतले कोणीही तिच्याबरोबर गेले नव्हते. मी कामाची सबब सांगत असे. गेली ती शेजारची बेन, डब्यात ठेपले घेऊन, तीन वेळा. विसाव्या तारखेपासून मी जाऊ लागलो. तेव्हा कळले की त्या बाकावर बसण्यासाठी कायदा यावा लागत नाही, शास्त्रही फारसे लागत नाही. पाण्याची बाटली लागते, आणि समोरचे लोक जवळून गेले की तिच्या डाव्या बाजूला बसावे लागते, कारण त्या बाजूने काय बोलले गेले ते तिला ऐकू येत नाही.

तिचा कडवटपणा गेला का, असे मला विचारतात. काही दिवशी गेलेला असतो, काही दिवशी परत येतो. दावीदही सत्ताविसाव्या अध्यायात, इतके सारे झाल्यावर, मनात म्हणतो की एक दिवस शौलाच्या हातून माझा नाश होणार, आणि पलिष्ट्यांच्या मुलखात निघून जातो. विश्वास असलेल्या माणसालाही असे दिवस येतात. त्या दिवशी ताई प्रार्थना करत नाही, मला करायला सांगते. मी मोठ्याने करतो, तिच्या उजव्या बाजूला बसून.

२०२४ च्या अखेरीस खालच्या कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला. समोरून उच्च न्यायालयात अपील झाले आहे, त्याची सुनावणी बाकी आहे. निकालाच्या सुमारास भाऊजींचे एक पत्र आले होते. २०१३ सारखेच, पुष्कळ पश्चात्तापाचे, आणि शेवटी परत ये असे. ताईने ते दोनदा वाचले. तिच्या मनात त्यांचे वाईट व्हावे असे नाही, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या आईच्या आजारपणात तिने मला पैसे घेऊन पाठवले होते. पत्राला तिने दोन ओळींचे उत्तर लिहिले आणि मुलीच्या बापाचे घड्याळ, जे चुकून आमच्याकडे राहिले होते, ते त्याच पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने पाठवले. ती पोस्टातून परत येईपर्यंत मला हे शास्त्रवचन आठवलेही नव्हते. तिला आठवले होते.

गेल्या जूनपासून तिला शब्बाथशाळेचा वर्ग परत दिला आहे, आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा. अपिलाच्या तारखेला अहमदाबादला जायचे आहे. मी रजा टाकली आहे. ह्या वेळी मंडळीतल्या दोन बहिणींनी आपणहून येतो म्हटले, आणि बेन विचारत होत्या की गाडी किती वाजताची आहे.